शिरस्त्राण जेलीफिश

शिरस्त्राण जेलीफिश (शास्त्रीय नाव: पेरिफिला पेरिफिला) ही खोल समुद्रात राहणारी जेलीफिशची एक जाती आहे. सिलेंटेराटा (निडारिया) संघाच्या स्कायफोझोआ वर्गातील कोरोनेटी गणात आणि पेरिफिलिडी कुलात तिचा समावेश होतो. मध्य आर्क्टिक महासागर सोडल्यास जगातील सर्व महासागरांत ती आढळते. शंकूच्या आकाराचे छत्र, त्यातून दिसणारे गडद तांबूस जठर आणि बारा जाड शुंडके ही तिची ओळख होय. सूर्यप्रकाश या प्राण्यास घातक असतो. त्यामुळे तिचे खाणे, वावरणे आणि प्रजनन हे सारे अंधाराशी बांधलेले आहे. नॉर्वेतील काही फ्योर्डांमध्ये मात्र ती प्रचंड संख्येने वाढली असून तेथे माशांची जागा तिने कशी घेतली, हा गेल्या काही दशकांतील सागरी जीवशास्त्राचा एक महत्त्वाचा प्रश्न ठरला आहे.

नाव आणि शोध

'पेरिफिला' हे नाव 'भोवती' आणि 'पान' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून आले आहे. छत्राच्या कडेला पानांसारख्या पाळ्यांची झालर असते, तिला उद्देशून हे नाव आहे. इंग्रजीत तिला शिरस्त्राणावरून नाव मिळाले आहे. मराठीत या प्राण्यास रूढ नाव नाही. आपल्या किनाऱ्यावर तो कधी येत नाही, त्यामुळे कोळ्यांच्या बोलीत त्याला नाव असण्याचे कारणही नाही. येथे इंग्रजी नावाचाच अर्थ घेऊन 'शिरस्त्राण जेलीफिश' असे म्हटले आहे.

या जातीचे पहिले वर्णन फ्रांस्वा पेराँ आणि शार्ल-अलेक्झांद्र लस्यूर या फ्रेंच निसर्गअभ्यासकांनी १८१० साली केले. हे दोघे निकोला बोदँ याच्या नेतृत्वाखाली १८०० ते १८०४ या काळात ऑस्ट्रेलियाकडे गेलेल्या फ्रेंच मोहिमेत सहभागी होते. पेराँ टिपणे करी आणि लस्यूर चित्रे काढी. जेलीफिशसारखा प्राणी मद्यार्कात ठेवला की आक्रसतो व त्याचा रंग उडतो, म्हणून त्या काळी जिवंत प्राण्यावरून काढलेल्या चित्राचे मोल नमुन्याहूनही अधिक होते. त्यांनी या प्राण्यास 'कॅरिब्डिया' या प्रजातीत घातले होते. पेरिफिला ही स्वतंत्र प्रजाती नंतर स्थापन झाली.

ब्रिटिश 'चॅलेंजर' जहाजाच्या १८७२ ते १८७६ या जगप्रदक्षिणेत खोल समुद्रातून मिळालेल्या जेलीफिशचा अभ्यास जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल याने केला. त्यात पेरिफिलाचाही सविस्तर विचार होता. पुढे निरनिराळ्या समुद्रांतून मिळालेल्या नमुन्यांना वेगवेगळी जातिनामे दिली गेली. जाळ्यातून वर येताना प्राण्याचा आकार बिघडतो आणि वयानुसार छत्राची ठेवणही बदलते, त्यामुळे एकाच जातीची अनेक नावे झाली. ही नावे आता पेरिफिला पेरिफिला या एकाच नावात विलीन करण्यात आली आहेत.

शरीररचना

छत्र उंच व टोकदार असून मोठ्या प्राण्यात त्याची उंची २० सेंटिमीटरच्या पुढे जाते. छत्राभोवती एक खोल आडवी खाच असते. या खाचेमुळे छत्राचे वरचा घुमट आणि खालचा कडेचा पट्टा असे दोन भाग पडतात. मुकुटाच्या कड्याप्रमाणे दिसणारी ही खाच कोरोनेटी गणाचे मुख्य लक्षण असून गणाचे नावही लॅटिन भाषेतील 'मुकुट' या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. वरचा घुमट कडक असतो, तर खालचा पट्टा स्नायुयुक्त असतो. पोहताना हा पट्टा आकुंचन पावून पाणी मागे ढकलतो.

कडेला १६ पाळ्या असतात. पाळ्यांच्या मधल्या जागांत १२ शुंडके आणि ४ संवेदी इंद्रिये यांची मांडणी असते. तीन शुंडके, मग एक इंद्रिय, असा हा क्रम चार वेळा येतो. संवेदी इंद्रियांचे काम मुख्यतः तोल सांभाळण्याचे व आकुंचनाचा ताल राखण्याचे आहे. भिंग असलेले डोळे या प्राण्याला नाहीत, तरीही प्रकाशातील अतिशय सूक्ष्म बदल त्याला जाणवतो, हे त्याच्या वर्तनावरून दिसते. इतर जेलीफिशप्रमाणेच त्याला मेंदू नाही. चेतापेशींचे जाळे सर्व शरीरभर पसरलेले असते.

शरीराचा बहुतांश भाग पाण्याने भरलेल्या जेलीसारख्या द्रव्याचा असतो. तो पारदर्शक असल्यामुळे आतील जठराचा गर्द तांबडा-तपकिरी रंग बाहेरून स्पष्ट दिसतो. काचेच्या घंटेत जांभळाचा रस भरून ठेवावा तसे त्याचे रूप दिसते.

रंगद्रव्य आणि प्रकाशाची बाधा

जठराला रंग देणारे द्रव्य प्रोटोपोर्फिरिन या नावाने ओळखले जाते. १९७९ साली ब्रिटिश संशोधकांनी खोल समुद्रातील काही जेलीफिशमधील पोर्फिरिन रंगद्रव्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रोटोपोर्फिरिन सजीवसृष्टीत सर्वत्र आढळते. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचा 'हीम' हा भाग त्यात लोह मिसळून तयार होतो. वनस्पतींचे हरितद्रव्य तयार होण्याच्या वाटेवरही हाच पदार्थ लागतो. बहुतेक सजीवांत तो तयार होताच पुढील रूपात बदलला जातो. पेरिफिलामध्ये मात्र तो तसाच साठून राहतो.

या साठ्याचे खोल समुद्रात दोन लाभ आहेत. पहिला लाभ लपण्याचा. सूर्यप्रकाशातील तांबडा भाग समुद्राच्या वरच्या काही मीटरांतच शोषला जातो आणि खाली फक्त निळसर प्रकाश पोहोचतो. निळ्या प्रकाशात तांबडी वस्तू काळी दिसते, म्हणजेच दिसत नाही. दुसरा लाभ पोटातला आहे. या जेलीफिशने गिळलेल्या अनेक सूक्ष्म प्राण्यांना स्वतःचा प्रकाश असतो. पारदर्शक पोटात असा प्राणी चमकू लागला तर शिकारीच शत्रूच्या नजरेस पडेल. गर्द रंगाचे जठर पडद्यासारखे काम करून हा प्रकाश आत अडवते.

हेच रंगद्रव्य उजेडात मात्र विष ठरते. पोर्फिरिनवर प्रकाश पडला की ते त्यातील ऊर्जा शोषून जवळच्या ऑक्सिजनला देते आणि त्यातून अतिशय क्रियाशील असा ऑक्सिजन तयार होऊन पेशींची आवरणे नष्ट करतो. मानवातही प्रोटोपोर्फिरिन शरीरात साठण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. अशा रुग्णांची त्वचा थोड्या उन्हानेही भाजल्यासारखी होते. कर्करोगाच्या काही उपचारांत वैद्यक हाच गुणधर्म जाणूनबुजून वापरते. पेरिफिलाला दिवसाच्या प्रकाशात ठेवले तर ती दगावते. विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी, की खोल पाण्यातील जीवांविषयी बोलताना दाब आणि थंडी यांचाच विचार प्रथम होतो. या प्राण्याच्या बाबतीत खरी सीमा दाबाची नसून उजेडाची आहे. पुरेसा अंधार असेल तर तो अगदी पृष्ठभागापर्यंत येतो.

दैनिक हालचाल

खुल्या महासागरात हा प्राणी दिवसा शेकडो मीटर खोल असतो आणि २,००० मीटरहून अधिक खोलीवरूनही त्याचे नमुने मिळाले आहेत. रात्री त्यांपैकी अनेक वर येतात आणि पहाटेपूर्वी पुन्हा खाली जातात. सोसवेल अशा एका ठरावीक अंधुक प्रकाशाच्या पातळीमागे ते वर-खाली होत राहतात, असे मानले तर या हालचालीचा बराचसा उलगडा होतो.

सर्वच प्राणी मात्र असे करीत नाहीत. नॉर्वेतील संशोधकांनी फ्योर्डाच्या तळाशी ध्वनिलहरी वरच्या दिशेने सोडणारी प्रतिध्वनी-यंत्रे ठेवून एकेका जेलीफिशच्या हालचाली टिपल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की काही प्राणी रोज नेमाने वर येतात, काही दिवसरात्र खोलातच थांबतात, तर काही मधल्या थरात अनियमित फेऱ्या मारतात. जाळे टाकून काढलेल्या सरासरीत हा फरक पुसला जात होता. लहान वयाचे प्राणी मोठ्यांच्या तुलनेत अधिक खोल राहतात. काळोख्या रात्री पृष्ठभागाजवळ आलेले मोठे प्राणी लहान लहान गटांनी एकत्र येतात, असेही २०१५ मध्ये नोंदवले गेले. मेंदू नसलेल्या प्राण्याच्या संदर्भात 'सामाजिक वर्तन' हा शब्द वापरावा का, याविषयी वाचकाला शंका येणे रास्त आहे. परंतु नर-मादी वेगळे असलेल्या आणि बीजपेशी पाण्यात सोडणाऱ्या प्राण्याला असे जवळ येणे निश्चितच उपयोगाचे आहे.

जीवदीप्ती

अंधारात राहणारा हा प्राणी स्वतः प्रकाश निर्माण करतो. त्याला स्पर्श झाला, की निळ्या प्रकाशाच्या लाटा छत्रावरून सरकत जातात. अधिक त्रास दिल्यास तो चमकणारे कणही पाण्यात सोडतो. शत्रूला दचकवणे किंवा त्याचे लक्ष दुसरीकडे वळवणे हा याचा उपयोग समजला जातो.

या प्रकाशामागील रसायनाचा अभ्यास ओसामू शिमोमुरा आणि पेर फ्लड यांनी १९९८ साली प्रसिद्ध केला. सिलेंटेराझीन हे द्रव्य ल्युसिफरेज या विकराच्या साहाय्याने ऑक्सिजनशी संयोग पावते आणि प्रकाश बाहेर पडतो. हे विकर छत्राच्या कडेच्या पाळ्यांत तर असतेच, पण मादीच्या अंडाशयातही साठवलेले असते. शिमोमुरा यांना पुढे २००८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मात्र दुसऱ्या एका जेलीफिशमधील हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाच्या शोधासाठी होते. दोन्ही गोष्टींची गल्लत होऊ नये.

आहार

कोपेपॉड हे तांदळाच्या दाण्याएवढे वा त्याहून लहान कवचधारी प्राणी हे तिचे मुख्य अन्न होय. त्यांत उत्तर अटलांटिकमधील कॅलॅनस प्रजातीचा वाटा मोठा आहे. शिवाय ऑस्ट्रॅकॉड, बाणकृमी आणि क्रिलसारखे प्राणीही ती खाते. पोहताना शुंडके मागे लोंबत न ठेवता ती पुष्कळदा वर, छत्राच्या टोकाकडे वळवलेली असतात. त्यामुळे वाटेत येणारे भक्ष्य छत्राने ढकलले जाण्यापूर्वीच शुंडकांना लागते. दंशपेशींनी जायबंदी झालेले भक्ष्य शुंडक वाकवून तोंडाकडे नेले जाते.

शिकारीसाठी नजर लागत नाही, ही या आहारपद्धतीतील कळीची बाब आहे. भक्ष्य शुंडकाला लागले की पुरे. याचा परिणाम पुढे अधिवासाच्या संदर्भात येईल.

जीवनचक्र

पाठ्यपुस्तकांत जेलीफिशचे जीवनचक्र सांगताना दोन पिढ्या सांगितल्या जातात. अंड्यातून निघालेली अळी खडकाला चिकटते, तिचा पॉलिप होतो, पॉलिपपासून चकत्यांसारखी पिल्ले सुटतात आणि ती वाढून जेलीफिश होतात. पेरिफिला या नियमाला अपवाद आहे. तिला पॉलिप अवस्थाच नाही. ही गोष्ट गेरहार्ड यार्म्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्वेतील फ्योर्डात केलेल्या अभ्यासातून १९९९ साली सिद्ध झाली.

मादी मोठी व पिवळबलकाने भरलेली अंडी खोल पाण्यात सोडते. अंड्याचा व्यास सुमारे दीड मिलिमीटर असतो. जेलीफिशच्या मानाने हे अंडे फार मोठे आहे. त्यातून मुक्तपणे पोहणारी अळी निघत नाही, तर आतल्या शिदोरीवर गर्भ हळूहळू थेट लहान जेलीफिश बनतो. प्रजननाला ठरावीक ऋतू नसतो. वर्षभर थोडी थोडी अंडी घातली जातात. वाढ संथ असते आणि आयुष्य अनेक वर्षांचे असते. उथळ समुद्रातील बहुतेक जेलीफिश एका हंगामात वाढून मरतात, त्याच्या हे अगदी उलट आहे.

पॉलिप नसल्यामुळे या प्राण्याला तळाशी चिकटण्यासाठी जागा लागत नाही. किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर दूर, कित्येक हजार मीटर खोल पाण्यावरही तो पिढ्यान्‌पिढ्या राहू शकतो. जगभर पसरण्याचे हेही एक कारण असावे. याच गुणामुळे त्याचे नियंत्रण करणेही अवघड होते. किनारी जेलीफिशच्या बाबतीत निदान पॉलिपांच्या जागा शोधून काढता येतात. येथे तशी जागाच नाही.

प्रसार

अटलांटिक, पॅसिफिक, हिंदी आणि दक्षिण या चारही महासागरांत या जातीची नोंद आहे. १८९८-९९ मधील जर्मन 'वाल्दिविया' मोहिमेने हिंदी महासागरातही जेलीफिश गोळा केले होते. त्यांवरील फानह्योफेन यांच्या १९०२ च्या ग्रंथात पेरिफिलाचा समावेश आहे. खुल्या समुद्रात ती सर्वत्र असली तरी विरळ असते. मुंबई-कोकणच्या पुळणींवर पावसाळ्यात वाहून येणारे 'ब्लू बॉटल' हे पृष्ठभागावर तरंगणारे, वेगळ्या वर्गातील प्राणी आहेत. त्यांचा या जातीशी संबंध नाही.

नॉर्वेतील फ्योर्ड

हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्यांत समुद्र शिरून जे चिंचोळे, लांबट आखात तयार होते त्यास फ्योर्ड म्हणतात. फ्योर्डाच्या मुखाशी बहुधा तळाचा एक उंचवटा असतो. नॉर्वेजियन भाषेत त्याला घराच्या उंबरठ्याचाच शब्द वापरतात आणि तो मराठीतही चपखल बसतो. उंबरठ्याच्या आतील पाणी शेकडो मीटर खोल असले तरी बाहेरच्या समुद्रातून आत काय येणार, हे उंबरठ्याच्या खोलीवर ठरते.

बर्गेन शहराच्या उत्तरेस असलेला लुरेफ्योर्ड सुमारे ४४० मीटर खोल आहे. त्याचा उंबरठा मात्र केवळ २० मीटर खोलीवर आहे. १९७० च्या दशकापासून येथे पेरिफिलाची संख्या अफाट आहे. जवळच असलेला मासफ्योर्ड साधारण तेवढाच खोल आहे, पण त्याचा उंबरठा ७५ मीटरांवर आहे. तेथे पेरिफिला थोडी आढळते आणि मधल्या थरात लहान प्रकाशमान माशांचे मोठे थवे असतात. लुरेफ्योर्डात हे मासे नगण्य आहेत. एकाच हवामानातील, एकमेकांच्या शेजारचे दोन फ्योर्ड इतके निराळे का, या प्रश्नाचे एक उत्तर आयाने, आक्सनेस, बागोयेन आणि कार्टवेट या शास्त्रज्ञांनी १९९९ साली मांडले.

त्यांचे म्हणणे असे. नॉर्वेच्या किनाऱ्यालगत वरच्या थरात वाहणारे पाणी हे नद्यांचे आणि बाल्टिक समुद्राचे गोडे पाणी मिसळलेले असते. त्यात कुजलेल्या पाना-मातीतून आलेली पिवळसर-तपकिरी द्रव्ये असतात. ती प्रकाश शोषतात. त्याखाली अटलांटिकचे अधिक खारे व स्वच्छ पाणी असते. उथळ उंबरठ्यामुळे लुरेफ्योर्डात फक्त वरचे गढूळसर पाणी शिरते, तर मासफ्योर्डात खालचे स्वच्छ पाणीही पोहोचते. परिणामी एकाच खोलीवर लुरेफ्योर्डात कितीतरी अधिक अंधार असतो. मासे डोळ्यांनी पाहून शिकार करतात. अंधारात ते उपाशी राहतात. पेरिफिला स्पर्शाने शिकार करते, तिचे काही अडत नाही. उलट तिला घातक असणारा प्रकाश तेथे कमी, वाटा मागणारे मासे कमी, आणि माशांनी न खाल्लेले कॅलॅनस विपुल. उथळ उंबरठ्यामुळे खोल पाण्यातील जेलीफिश वाहून बाहेर जाण्याचा संभवही कमी होतो.

म्हणजे कोणत्या फ्योर्डावर कोणाचे राज्य, हे प्रामुख्याने पाणी किती पारदर्शक आहे यावर ठरते. हे अनुमान एका फ्योर्डापुरते असते तर तज्ज्ञांच्या चर्चेचा विषय होऊन राहिले असते. परंतु २००९ साली आक्सनेस आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेच्या किनारी पाण्याचा गडदपणाच वाढत असल्याचे मांडले. नद्यांतून येणारे गोडे पाणी आणि त्यासोबतची सेंद्रिय द्रव्ये वाढली, की आजवर माशांचे असलेले फ्योर्डही जेलीफिशकडे झुकू शकतात. जमिनीवरील पाऊस, वितळणारा बर्फ आणि पाणलोट क्षेत्रातील झाडी यांचा संबंध असा चारशे मीटर खोल पाण्यातील जीवांशी पोहोचतो.

मासेमारीवरील परिणाम

लुरेफ्योर्डानंतर सोग्नेफ्योर्ड, हाल्साफ्योर्ड आणि मध्य नॉर्वेतील ट्रोन्हेमफ्योर्ड येथेही ही जाती मोठ्या संख्येने दिसू लागली. ट्रोन्हेमफ्योर्डातील मच्छीमारांना २००० च्या सुमारापासून तिचा उपद्रव जाणवू लागला. जाळी माशांऐवजी जेलीने भरतात, ती उचलताना जड होतात व फाटतात, आणि पकडलेल्या माशांची प्रत खालावते. तेथील मच्छीमारांनी काही जागा वापरणेच सोडले. वरवर पाहता यात जेलीफिश 'घुसखोर' वाटते. परंतु ही जाती या पाण्यात परकी नाही. बाहेरच्या समुद्रात ती पूर्वीपासून आहे. बदलले आहे ते फ्योर्डातील पाणी.

तिच्यावर उपाय म्हणून तिला पकडून वापरात आणण्याचा विचार झाला आहे. मात्र शरीराचा फार मोठा भाग पाण्याचाच असल्यामुळे मोठ्या वजनाच्या पकडीतून उपयुक्त पदार्थ थोडाच निघतो. वाढ आणि प्रजनन दोन्ही संथ असल्याने संख्या एकदा खरोखर घटली तर ती लवकर भरून येणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

आर्क्टिककडे वाटचाल

२०१४ पासून स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या फ्योर्डांत या जातीच्या नोंदी होऊ लागल्या आणि २०१८ साली त्या एकत्रितपणे प्रसिद्ध झाल्या. अटलांटिकचे उबदार पाणी उत्तरेकडे अधिक प्रमाणात जाऊ लागल्याचा हा परिणाम मानला जातो. या नोंदी ध्रुवीय रात्रीच्या काळातील आहेत. हिवाळ्यात तेथे कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही, तेव्हा उथळ पाण्यातही या प्राण्याला धोका नसतो. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. चोवीस तासांच्या त्या उजेडात तिला सतत खोल पाण्यात राहावे लागते, आणि वर्षभर वस्ती करण्यात मुख्य अडथळा आहे तो हाच.